पालथा हात

परवा मिक्सरमध्ये इडलीचं पीठ वाटताना जळका वास यायला लागला. मी मिक्सर बंद केला आणि नकळत बोटांची मागची बाजू त्याच्या बुडाला लावून पाहिली. लेक ओट्याशी उभी होती. म्हणाली, "आई, तू अगदी आजोबांसारखं करतेस."

खरंच की. आमचे अण्णा सगळं पालथ्या हाताने बघायचे. ताप आलेल्या पोराचं कपाळ, विहिरीवरच्या पंपाची मोटर, दुधाचं पातेलं, आणि एस.टी.तून उतरल्यावर तिचं चाकसुद्धा. (या शेवटच्या प्रकाराची आम्हाला भयंकर लाज वाटायची. बाकीची माणसं टपावरून सामान उतरवतायत आणि आमचे वडील चाकापाशी वाकलेले!) घरच्या मंडळींना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. अण्णा रेल्वेत ट्रेन एक्झामिनर होते. रेल्वेच्या भाषेत टी.एक्स.आर. खानदेशातल्या एका जंक्शनच्या यार्डात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मालगाडी आली की तिच्या कडेकडेने चालत जायचं, चाकांवर हातोडा मारून आवाज ऐकायचा, आणि प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या बाजूला जी लोखंडी पेटी असते तिला, म्हणजे ऍक्सल बॉक्सला, हात लावायचा. कोमट असेल तर ठीक. हात टिकत नसेल तर वॅगनवर खडूने खूण करायची आणि ती गाडीतून काढून बाजूला लावायची. हिला म्हणतात हॉट ऍक्सल. आमच्या घरात हा शब्द "साप" किंवा "विंचू" यांच्या चालीवर उच्चारला जायचा.

"पण तळहात का नाही लावत?" असं मी एकदा विचारलं होतं. "तळहात भाजला तर उद्या हातोडा कशाने धरू?" हे उत्तर.

लहानपणी मला वाटायचं की त्या पेटीत काहीतरी फार गुंतागुंतीचं यंत्र असणार. तसं काही नव्हतं. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे रोलर बेअरिंग येण्याआधीच्या पेटीत चाकाच्या आसाचं गुळगुळीत टोक असायचं. त्याच्यावर पितळेचा एक अर्धगोल तुकडा टेकलेला. याला नुसतं 'ब्रास'च म्हणत. त्याच्या आतून व्हाइट मेटल नावाच्या मऊ धातूचा थर. हा बहुतेक कथलाचा मिश्रधातू, आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसाने १८३९ साली या कामासाठी काढला. आणि खाली तेलात भिजवलेला सुताचा लगदा, म्हणजे पॅकिंग. आस फिरताना त्या लगद्यातून तेल वर घेऊन जायचा. संपलं! अख्खी भरलेली वॅगन अशा पेट्यांमधल्या पितळेच्या तुकड्यांवर बसलेली, आणि त्या तुकड्यांखाली लोखंड घसरत चाललेलं, मैलोन् मैल.

आता घसरलं की तापायचंच. दोन्ही हात एकमेकांवर चोळले की कळतं. पण किती तापायचं? मी शाळेत फिजिक्स शिकवते, त्यामुळे गणित केल्याशिवाय मला राहवत नाही. समजा एका पेटीवर ८ टन भार आहे. चाकाचा व्यास १ मीटर, आसाच्या टोकाचा १२ सेंटिमीटर. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली की पितळेखालचा आसाचा पृष्ठभाग सेकंदाला साधारण २ मीटर घसरतो. तेलाचा पापुद्रा शाबूत असेल तर घर्षण भाराच्या हजारात तीन भाग इतकंच. हिशोब केला तर सुमारे ४७० वॅट. म्हणजे इस्त्रीपेक्षाही कमी. पेटी कोमट होते, वारा लागतो, चाललंय. पण तेलाचा पापुद्रा फाटला आणि धातूवर धातू आला की घर्षण शेकडा दहाच्या घरात जातं. आता तीच पेटी झाली साडेपंधरा हजार वॅटची. आंघोळीचं पाणी तापवायच्या दांड्या असतात ना, तसल्या दहा दांड्या एका डब्यात कोंबल्यासारख्या. आणि बाजूला तेलाने भिजलेलं सूत!

हे ४७० वॅट बघून मला काउंट रमफर्डची आठवण झाली. हे गृहस्थ फारच अजब. मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन, जन्म १७५३ चा, मॅसॅच्युसेट्समधला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांसाठी हेरगिरी केली, मग पळून जाऊन बव्हेरियाच्या राजदरबारी मोठ्या हुद्द्यावर पोचले. तिथे म्युनिकच्या शस्त्रागारात तोफा बनवायचं काम त्यांच्या देखरेखीखाली चालायचं. तोफ भरीव ओतायची आणि मग घोडे जुंपून तिला आतून पोखरायची. पोखरताना तोफ सणसणीत तापते हे तिथल्या प्रत्येक कामगाराला माहीत होतं. रमफर्डना प्रश्न पडला की ही उष्णता येते कुठून?

त्या काळच्या विद्वानांचं मत असं, की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे. कॅलरिक. पदार्थात तो मुरलेला असतो आणि धातूचा कीस निघाला की बाहेर पडतो. रमफर्डनी काय करावं? मुद्दाम बोथट पोखरणी घेतली. कीस कमी निघावा आणि घासणं जास्त व्हावं म्हणून. तोफेच्या टोकाभोवती लाकडी पेटी बांधून त्यात साडेआठ किलोच्या आसपास पाणी भरलं आणि दोन घोडे जुंपले. मिनिटाला बत्तीसएक फेरे. पाणी होतं ६० अंश फॅरनहाइट. तासाभराने १०७. दोन तासांनी १७८. आणि अडीच तासांनी पाणी उकळायला लागलं. खाली जाळ नाही, विस्तव नाही. बघ्यांची तोंडं उघडी पडली, आणि आपल्यालाही लहान मुलासारखा आनंद झाला हे रमफर्डनी कबूल करून टाकलं आहे. १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा हा निबंध वाचला गेला. घासत राहाल तोपर्यंत उष्णता निघतच राहते, तिचा साठा संपत नाही, मग ती वस्तू कशी असेल? ती गतीच असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. लगेच कोणाला पटला नाही. पुढे १८४० च्या दशकात ज्यूलने किती कामाची किती उष्णता होते हे मोजून दाखवलं तेव्हा कुठे कॅलरिकचं प्रस्थ संपत आलं. (गंमत म्हणजे कॅलरिक हे नाव रूढ करणारा लाव्हाझिए. त्याचा फ्रेंच राज्यक्रांतीत शिरच्छेद झाला, आणि त्याच्या विधवेशी पुढे लग्न केलं ते याच रमफर्डने. टिकलं नाही म्हणा. त्याही घर्षणाची बरीच वर्णनं आहेत.)

तर रमफर्डच्या आकड्यांवरून हिशोब केला, पाण्याबरोबर तापलेलं लोखंड-पितळही धरलं, तर त्यांच्या तोफेत साधारण साडेपाचशे वॅट उष्णता तयार होत होती. म्हणजे जवळजवळ मालगाडीच्या एका धडधाकट ऍक्सल बॉक्सइतकी! चार पेट्यांच्या साध्या वॅगनमध्ये असे चार रमफर्ड आणि त्यांचे घोडे बसलेले. हे मला अण्णांना सांगायला मिळालं नाही. त्यांना फार आवडलं असतं.

असो. उष्णता कुठून येते हे कळलं, पण ती येऊ नये म्हणून काय करायचं, हे मात्र माणसाला रमफर्डच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. आजोळी बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं लोंबकळत असायचं. एरंडेलात काजळी किंवा राख कालवलेली, आणि त्यात बुडवलेली एक चिंधी काडीला बांधलेली. गाडी कुरकुरायला लागली की मामा उतरायचा, चाक सैल करून आसाला वंगण फासायचा. आम्ही पोरं त्या काळ्या बोटांनी एकमेकांना मिशा काढायचो. एरंडेलाला यंत्रांच्या जगातही मान होता. कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलंय, १९०९ मध्ये. पोटात घ्यायचं तेल विमानाच्या इंजिनातही गेलं. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग इंजिनाचं पोट साफ झालं का?

पण वंगण लावलं की नेमकं होतं काय? हे कोणाला धड माहीत नव्हतं. साधी समजूत अशी की तेलाने पृष्ठभाग बुळबुळीत होतो. इंग्लंडमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने ब्यूशँप टॉवर नावाच्या इंजिनिअरला प्रयोग करायला सांगितले. त्याने रेल्वेच्या आसासारखाच ४ इंच व्यासाचा दांडा घेतला, वर अर्धगोल ब्रास, खाली तेलाचं भांडं. प्रयोग चालू असताना बेअरिंग काही कामासाठी उघडलं होतं, तेव्हा तेल सोडायला म्हणून ब्रासच्या माथ्यावर भोक पाडलं. परत यंत्र चालू केलं तर भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर यायला लागलं! टॉवरने भोकात लाकडी खुंटी ठोकली. तेलाने ती बाहेर ढकलली. मग त्याने तिथे दाब मोजायचं घड्याळ लावलं. त्याचा काटा चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंतच जाऊ शकत होता, तो त्याच्याही पुढे गेला. आणि वरून ठेवलेला भार सरासरी होता १०० पौंड.

ही गोष्ट १८८३ ची. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. कारण याचा अर्थ असा की फिरणारा आस स्वतःच तेल ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत दामटतो, तिथे एवढा दाब तयार होतो की अख्खा भार तेलावर उचलला जातो. लोखंड पितळेला शिकतच नाही, तरंगतं. ऑसबर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. पावसात गुळगुळीत टायरची गाडी वेगात असताना रस्त्यावरून सुटते, तोच प्रकार. तिथे तो जीव घेतो, इथे तारतो. आणि गंमत बघा, वर्षानुवर्षं लोक बेअरिंगच्या नेमक्या डोक्यावर भोक पाडून तेल सोडत होते, म्हणजे जिथून तेल बाहेर पडायचं तिथूनच आत घालू बघत होते.

अमेरिकेत त्याआधी एलायजा मॅकॉयने वेगळ्याच बाजूने या प्रश्नाला हात घातला होता. गुलामीतून पळून कॅनडात गेलेल्या आईबापांचा हा मुलगा. एडिंबरोला जाऊन इंजिनिअरिंग शिकून आला. पण काळ्या माणसाला इंजिनिअर म्हणून कोण ठेवणार? मिशिगनमध्ये रेल्वेत कोळसा टाकायचं आणि तेल द्यायचं काम मिळालं. तेव्हा यंत्राला तेल द्यायला ते थांबवावं लागायचं. मॅकॉयने इंजिन चालू असतानाच सिलिंडरला तेल पुरवणारं उपकरण काढलं, १८७२ चं पेटंट. 'अस्सल' या अर्थाचा इंग्रजीतला मॅकॉय तो हाच, असं लोक सांगतात. त्याबद्दल वाद आहेत, पण उपकरण अस्सल होतं यात वाद नाही.

आता परत पेटीकडे. टॉवरचं तरंगणं फार छान, पण ते तेल असेपर्यंत. पेटीचं झाकण कुठेतरी पडलं, आत धूळ आणि पाणी गेलं. किंवा पॅकिंगमधला सुताचा एक धागा आसाबरोबर वर गेला आणि ब्रासखाली अडकला. नुसता धागा! तेलाचा पापुद्रा फाटायला तो पुरतो. मग उष्णता वाढते, उष्णतेने तेल पातळ होतं, पातळ तेल भार पेलत नाही, पापुद्रा आणखी फाटतो, उष्णता आणखी वाढते. दोनशेचाळीस अंश सेल्सियसच्या आसपास व्हाइट मेटल वितळून वाहून जातं. सूत पेट घेतं. आसाचं टोक लाल होतं, मऊ पडतं, आणि वरचे आठ टन ते पिळून तोडतात. म्हणून स्टेशनातून गाडी जाताना दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून धूर, ठिणग्या, जळका वास यावर लक्ष ठेवतात. आपल्याला वाटतं नुसता हिरवा बावटा दाखवतायत.

आता अण्णांची ती रात्र. मी चौथीत असेन. डिसेंबर, खानदेशातली हाडं गोठवणारी थंडी. रात्रपाळीला एक मालगाडी आली, अण्णा हात लावत लावत निघाले. मधल्या एका वॅगनची पेटी कोमटाहून जरा जास्त वाटली. हात टिकत होता. अण्णा थांबले, पुन्हा हात लावला, झाकण उघडून पाहिलं, तेल होतं. वॅगन काढायची तर शंटिंग, तासभर उशीर, वरून विचारणा. त्यांनी गाडी सोडली. दोन स्टेशनं पुढे एका पॉइंट्समनला अंधारात चाकापाशी ठिणग्या दिसल्या आणि त्याने लाल दिवा दाखवला. थांबवली तेव्हा पॅकिंग पेटलेलं होतं. आस तुटला नव्हता. कोणालाही काही झालं नाही.

अण्णांना खुलासा द्यावा लागला, तो त्यांनी दिला. पण दोन दिवस ते जेवले नाहीत हे मला आठवतंय, आणि आई ताट वाढून तसंच झाकून ठेवत होती तेही. कितीतरी वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, ते एकदा एवढंच म्हणाले, "पेटी थंड होती गं. वाऱ्याने. आस गरम होता." आणि मग त्या पॉइंट्समनबद्दल बोलले. त्याला भेटायला ते सुट्टी काढून गेले होते, हे आईलासुद्धा माहीत नव्हतं.

आस न तुटणं हे केवढं नशीब, ते मला पुढे मिसिसागाबद्दल वाचताना कळलं. कॅनडात टोरांटोच्या शेजारी हे शहर आहे (आपली बरीच मंडळी आता तिथे राहतात, त्यांना हा इतिहास माहीत असेल). १० नोव्हेंबर १९७९, शनिवार, मध्यरात्रीला काही मिनिटं कमी. १०६ डब्यांची मालगाडी. तेहेतिसाव्या डब्याची पेटी कोरडी पडून तापली, आस तुटला, चाकं निखळून एका घराच्या परसात जाऊन पडली. गाडी तशीच पुढे गेली आणि मग चोवीस डबे रुळांवरून घसरले. त्यात प्रोपेनच्या टाक्या होत्या, त्या फुटून आगीचे लोळ उठले. आणि त्यांच्यामध्येच एक क्लोरीनची टाकी, भोक पडलेली. दोन लाखांहून जास्त माणसांना घरं सोडायला लावली. अख्खं शहर रिकामं झालं. तरी एकही माणूस मेला नाही! आगीच्या तोंडाशी जाऊन मागचे डबे तोडायची व्यवस्था करणारा ब्रेकमन त्याच गाडीवरचा होता. मला इथेही तो लाल दिवावाला पॉइंट्समन आठवला.

घसरणाऱ्या बेअरिंगऐवजी गडगडणारं रोलर बेअरिंग घातलं की हा त्रास खूपच कमी होतो, हे तोवर जुनं झालं होतं. १९३० मध्ये टिमकेन कंपनीने सगळ्या आसांना रोलर बेअरिंग लावलेलं वाफेचं इंजिन बांधून घेतलं आणि ते किती हलकं चालतं हे दाखवायला काही तरुणींकडून दोरीने ओढवून फोटो काढले. पण लाखो जुन्या वॅगनींच्या पेट्या बदलायला दशकं लागली. आपल्याकडेही ती साधी बेअरिंगं गेली, पाठोपाठ चार चाकांच्या वॅगनीही. आता तपासणाऱ्यांच्या हातात तापमान मोजायची बंदूक असते, आणि रुळांच्या कडेला बसवलेली यंत्रंही लांबून उष्णता वाचतात.

म्हणजे प्रश्न सुटला असं मी धरून चालले होते. मग २०२३ च्या फेब्रुवारीत ओहायोमधल्या ईस्ट पॅलेस्टाइनची बातमी आली. ३ तारखेला संध्याकाळी तिथे मालगाडीचे ३८ डबे घसरले, विषारी रसायनांच्या टाक्यांसह. कारण, तापलेलं चाकाचं बेअरिंग. रोलर बेअरिंगच. वाटेत तीन ठिकाणी यंत्रांनी ते मोजलं होतं. पहिल्या ठिकाणी बाहेरच्या हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट जास्त. दुसऱ्या ठिकाणी १०३. गाडी ताबडतोब थांबवायची नाही, एवढंच ते होतं, कारण त्यासाठीची रेघ त्याहून बरीच वर. त्यानंतरचं यंत्र साधारण वीस मैलांवर. तिथे आकडा आला २५३. ड्रायव्हर गाडी थांबवत होता तोवर ती घसरली. दुसऱ्या यंत्राच्या जवळपास एका कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात गाडीखाली जाळ दिसतो. पुढे चौकशीत निघालं की यंत्र बेअरिंगची बाहेरची बाजू वाचतं, आत त्याहून पुष्कळ जास्त तापलेलं असू शकतं. तीही थंडीचीच रात्र होती.

मी तो अहवाल वाचत बसले होते आणि मधेच उठून अण्णांची ट्रंक उघडली. त्यात त्यांचा लांब दांड्याचा हातोडा आहे, अजून दांड्याला काळपट तेल लागलेलं.

शेवटच्या आजारात त्यांना सारखा ताप यायचा. एका रात्री मी त्यांच्या कपाळाला हात लावला. ते ग्लानीत होते. डोळे न उघडता त्यांनी माझं मनगट धरलं, माझा हात पालथा केला, आणि परत कपाळावर ठेवला.